पाचशे डॉलरचे घर आणि घरपट्टीचा फास

अमेरिकेत मिशिगन राज्यात मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला आमच्या वस्तीतला एक मुलगा परवा फोनवर म्हणाला, "जयभीम काका. इथे डेट्रॉईटला काउंटीच्या ऑनलाइन लिलावात पाचशे-पाचशे डॉलरला घरे गेलेली आहेत. आम्ही चार मित्र मिळून एक घ्यावे म्हणतोय. कायद्याने काही अडचण येईल का?"

पाचशे डॉलर! चांगला मोबाइल फोनसुद्धा तिथे त्याहून महाग असतो. आम्ही त्याला म्हटले, कायद्याची अडचण पुढे बघू, आधी एवढ्या स्वस्तात घर निघतेच कसे ते बघ.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी हद्द. डेट्रॉईट शहर वेन काउंटीत येते. घरपट्टी थकली की वसुली काउंटीच्या कोषाधिकाऱ्याकडे जाते आणि १९९९ च्या कायद्याप्रमाणे तिसऱ्या वर्षी मार्चअखेर मालकाचा हक्क संपतो. मधल्या काळात व्याज चढत चढत सालीना अठरा टक्क्यांवर जाते. गावच्या सावकाराने एवढे व्याज लावले तर आपण मोर्चा काढतो! मग सप्टेंबरात पहिला लिलाव. त्यात थकबाकीच्या रकमेपासून बोली. तिथे कोणी घेतले नाही तर ऑक्टोबरात दुसरा, आणि त्यात वर्षानुवर्षे बोली पाचशे डॉलरपासून सुरू होत असे. बोली लावणारा दुसऱ्या राज्यात बसून संगणकावर फोटो बघतो. घराच्या आत पाऊल टाकून बघण्याची सोय नाही. आत कोणी राहत असेल तर त्याला कोर्टामार्फत बाहेर काढणे ही खरेदीदाराची जबाबदारी.

पण थकबाकी झाली कशी? लोक कर बुडवे होते म्हणून? खरी मेख इथेच आहे. २००८ च्या मंदीनंतर डेट्रॉईटमधल्या घरांच्या किमती कोसळल्या, मात्र कर आकारताना नगर प्रशासनाने जुन्याच चढ्या किमती धरल्या. मिशिगनची राज्यघटना सांगते की कराचे मूल्यांकन बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक नसावे. कायद्याच्या प्राध्यापक बर्नाडेट अतुआहेने यांनी अभ्यास करून दाखवले की २००९ ते २०१५ या काळात दरवर्षी शहरातल्या ५५ ते ८५ टक्के घरांचे मूल्यांकन ही मर्यादा ओलांडत होते. त्यातही सर्वांत स्वस्त घरांवर, म्हणजे सर्वांत गरिबांवर, सर्वांत जास्त बोजा. २०११ ते २०१५ या पाच वर्षांत शहरातल्या चार मालमत्तांमागे एक कराच्या थकबाकीपोटी काउंटीने ताब्यात घेतली. या शहरात दर चार माणसांत तीन कृष्णवर्णीय आहेत, हे वेगळे सांगायला नकोच.

त्याच शहरात १९४१ साली बांधलेली एक भिंत आजही उभी आहे. सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. काळ्यांच्या वस्तीला लागून गोऱ्यांची नवी वसाहत उभारायची होती, पण काळे शेजारी म्हणून सरकारी संस्था कर्जाला हमी देईना. बिल्डरने मध्ये भिंत घातली, आणि हमी मिळाली. गावकुस म्हणजे काय हे आमच्या वाचकांना समजावून सांगावे लागत नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डु बॉइस यांना पत्र लिहिले ते काही उगाच नव्हे.

आणखी एक गोष्ट. गरीब घरमालकाला घरपट्टी माफ करण्याची तरतूद मिशिगनच्या कायद्यात होतीच! पण अर्ज दरवर्षी नव्याने करायचा, आणि त्याची वाट अशी काटेरी की हजारो पात्र लोकांपर्यंत ती पोचलीच नाही. २०१६ साली वस्ती संघटना कोर्टात गेल्या. २०१८ साली तडजोड झाली, अर्ज सोपा झाला आणि माफीला पात्र असलेल्या काही कुटुंबांना आपलेच घर एक हजार डॉलरला परत घेता येऊ लागले. आपलेच घर, पुन्हा विकत!

लिलावात थकबाकीपेक्षा जास्त पैसे आले तर ते कोणाचे? आपल्याकडे २००२ च्या सरफेसी कायद्यात कलम १३(७) प्रमाणे बँकेने आपले देणे वळते करून उरलेली रक्कम हक्कदाराला द्यावी लागते. मिशिगनमध्ये ती काउंटी खात असे. ओकलंड काउंटीत ८ डॉलर ४१ सेंटच्या मूळ थकबाकीपायी एक घर गेले, लिलावात २४,५०० डॉलर आले, मालकाला छदामही नाही. २०२० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले. २०२३ साली मिनेसोटातल्या ९४ वर्षांच्या जेराल्डिन टायलर या कृष्णवर्णीय बाईंच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी तेच सांगितले. १५,००० च्या येण्यापोटी ४०,००० ला विकलेल्या घरातले वरचे २५,००० काउंटीने ठेवून घेतले होते.

मग प्रश्न सुटला? मिशिगनने कायदा दुरुस्त केला, पण दावा सांगण्याची मुदत ठेवली १ जुलै. लिलाव सप्टेंबरात! घर विकले जाईल की नाही, किती येतील, काही ठाऊक नसताना माणसाने नोटरी केलेला अर्ज आधीच द्यायचा. हे कलम ज्याने लिहिले त्याच्या घरावर कधी जप्तीची नोटीस चिकटली नसावी.

हे सारे ऐकून मुलाने आम्हाला त्या घराचा फोटो पाठवला. ओसरीत लहान मुलाची सायकल. आम्ही म्हटले, बोली लावण्याआधी दार वाजवून ये. तो रविवारी गेला. दार उघडले एका म्हाताऱ्या बाईंनी. नऊ वर्षे त्या हप्त्यांवर ते घर घेत आहेत. तिथे अशा करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राहते. बँका दारात उभे करीत नव्हत्या तेव्हा काळ्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या अशीच घरे घेतली. विकणाऱ्याने घरपट्टी भरलीच नव्हती. बाईंना वाटे, ती हप्त्यातूनच जाते.

चौघांपैकी एकजण म्हणाला, आपण नाही घेतले तर दुसरा कोणी घेईलच. त्याचे म्हणणे खोटे नाही, आणि त्यावर आमच्याकडे उत्तरही नव्हते. आमचा मुलगा मात्र आता तिथल्या मोफत कायदा सल्ला केंद्रात खेपा घालतो आहे. बाईंकडे नऊ वर्षांच्या सगळ्या पावत्या आहेत. करारनामा मात्र कुठेच नोंदवलेला नाही.