विकेंद्रित समाजमाध्यमांच्या सॉफ्टवेअरची देखभाल : मॅस्टोडॉनच्या संदर्भात

प्रस्तावना

समाजमाध्यमाचे सॉफ्टवेअर लिहिणे आणि ते चालवणे ही दोन्ही कामे एकाच कंपनीच्या हाती असली, की सुधारणा हा त्या कंपनीचा अंतर्गत व्यवहार ठरतो. रात्री नवी आवृत्ती बसवली जाते आणि सकाळी वापरकर्ते नकळत तिचा वापर करू लागतात. विकेंद्रित माध्यमांत ही सोय नाही. येथे सॉफ्टवेअर एक गट लिहितो. ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवून चालवणाऱ्या संस्था व व्यक्ती मात्र हजारो असतात आणि त्यांच्यापैकी कोणावरही नव्या आवृत्तीची सक्ती करता येत नाही. या स्वातंत्र्याची चर्चा पुष्कळ होते. ते टिकवण्यासाठी करावयाच्या देखभालीची फारशी होत नाही. प्रस्तुत लेखात मॅस्टोडॉन या सॉफ्टवेअरच्या आधारे त्या देखभालीचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

मॅस्टोडॉनची रचना

जर्मनीतील ओयगेन रॉख्को यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅस्टोडॉन प्रसिद्ध केले. त्याची आज्ञावली खुली असून ती कोणासही घेता व बदलता येते. मात्र बदललेली प्रत इंटरनेटवरून इतरांना वापरावयास दिल्यास तिची आज्ञावलीही त्यांना उपलब्ध करून देण्याचे बंधन परवान्यात आहे. प्रत्येक सर्व्हरचे सदस्य वेगळे व नियमही वेगळे, तरीही ई-मेलप्रमाणे एका सर्व्हरवरील सदस्यास दुसऱ्यावरील सदस्याशी संवाद साधता येतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आल्यानंतर अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. अशा नवागतास प्रथम सर्व्हर निवडावा लागतो. ही निवड वस्तुतः चालकाची निवड असते, कारण मॅस्टोडॉनवरील खासगी संदेशही चालकाला वाचता येतील अशाच स्वरूपात साठवलेले असतात.

नियम बदलण्याची रीत

आरंभी मॅस्टोडॉनचे सर्व्हर ओस्टेटस या जुन्या नियमसंचाद्वारे परस्परांशी बोलत. तो जाहीर लेखनासाठी रचलेला होता. निवडक अनुयायांपुरते लेखन पोहोचवण्याची नीट सोय त्यात नव्हती. सप्टेंबर २०१७ मधील १.६ या आवृत्तीत ॲक्टिव्हिटीपब हा नवा नियमसंच आला आणि जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने त्यास शिफारशीचा दर्जा दिला. तथापि ओस्टेटस त्याच वेळी काढून टाकले असते, तर आवृत्ती न बदललेले सर्व्हर एकाएकी तुटले असते. म्हणून दोन वर्षे सॉफ्टवेअर दोन्ही भाषा बोलत राहिले आणि ऑक्टोबर २०१९ मधील ३.० या आवृत्तीत जुनी भाषा वगळण्यात आली.

हीच रीत अलीकडेही दिसते. दुसऱ्याचे लेखन उद्धृत करून त्यावर भाष्य करण्याची सोय मॅस्टोडॉनने दीर्घकाळ टाळली होती, कारण तिचा उपयोग टवाळीसाठी होतो असा आक्षेप होता. २०२५ मध्ये ती आली, तीही दोन टप्प्यांत. जुलैमधील ४.४ या आवृत्तीने सर्व्हरना अशी अवतरणे ओळखून दाखवण्यास शिकवले. ती स्वतः लिहिण्याची मुभा नोव्हेंबरमधील ४.५ मध्ये मिळाली. आधी वाचन, मग लेखन, हा क्रम प्राथमिक शाळेइतकाच येथेही उपयोगी आहे!

सुरक्षेचा प्रश्न

नवी सोय उशिरा बसवली तरी चालते. सुरक्षेची दुरुस्ती थांबू शकत नाही. मोझिलाच्या पुढाकाराने झालेल्या तपासणीत असा गंभीर दोष आढळला, की विशिष्ट रीतीने घडवलेली चित्रफीत किंवा चित्र पाठवून सर्व्हरवर हव्या त्या ठिकाणी फाइल निर्माण करता येई आणि त्यातून सर्व्हरच ताब्यात घेणे शक्य होते. जुलै २०२३ मध्ये त्याची दुरुस्ती ३.५.९, ४.०.५ आणि ४.१.३ अशा तीन आवृत्त्यांत एकाच वेळी द्यावी लागली, कारण सर्व चालक एकाच शाखेवर नव्हते.

फेब्रुवारी २०२४ मधील दोष अधिक बोलका आहे. त्यामुळे दुरुस्ती न केलेल्या सर्व्हरवर अन्य सर्व्हरच्या सदस्याचे सोंग घेता येई. म्हणजे निष्काळजी एक चालक आणि बदनामी होणार दुसऱ्याच्या सदस्याची, तोही चालक कितीही दक्ष असला तरी. खुल्या आज्ञावलीत आणखी एक पेच असतो : दुरुस्ती प्रसिद्ध केली, की दोष कोठे होता हेही जाणकारास उमगते. म्हणून १ फेब्रुवारीस दुरुस्ती देताना तपशील १५ फेब्रुवारीपर्यंत राखून ठेवण्यात आला. गुप्तता अपुरी होती, पण चालकांना पंधरवडा मिळाला. सप्टेंबर २०२३ मधील ४.२ या आवृत्तीपासून महत्त्वाच्या दुरुस्तीची सूचना चालकास व्यवस्थापनाच्या पानावरच दिसते, याचाही उपयोग झाला असणार.

सूचना दिसली तरी पुढचे काम माणसाचेच आहे. डेटाबेसची प्रत काढणे, नवी आज्ञावली उतरवणे, पूरक घटक बसवणे, डेटाबेसच्या रचनेत बदल करणे आणि सेवा पुन्हा सुरू करणे या पायऱ्या चालकास पार पाडाव्या लागतात. यांतील डेटाबेसचा बदल सर्वांत नाजूक. मोठ्या सर्व्हरवर तो दोन टप्प्यांत केला जातो : आधी फक्त भर घालावयाची, म्हणजे जुनी व नवी आज्ञावली दोन्ही चालू शकतात, नवी स्थिरावल्यावर निरुपयोगी भाग काढावयाचा. सेवा बंद न ठेवता हे साधते.

संस्थांची अडचण

हे काम हौशी चालकांनाच जड जाते असे नाही. युरोपीय संघाच्या विदा-संरक्षण पर्यवेक्षकाने एप्रिल २०२२ मध्ये संघाच्या संस्थांसाठी ‘ईयू व्हॉइस’ हा मॅस्टोडॉन सर्व्हर प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. प्रयोगाची मुदत संपत आल्यावर तो कायम चालवण्यास संघातील दुसरी संस्था मिळाली नाही आणि मे २०२४ मध्ये तो बंद झाला. तांत्रिक अपयश येथे नव्हते. जबाबदारी घेणारा कोणी नव्हता. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत एखाद्या उत्साही प्राध्यापकाने किंवा विद्यार्थ्याने सुरू केलेल्या सर्व्हरबाबतही, तो सुरू करणारा निघून गेल्यावर सुरक्षेची सूचना कोण वाचणार, हे आधीच ठरवणे आवश्यक आहे. मॅस्टोडॉनवर खाते दुसरीकडे हलवताना अनुयायी सोबत नेता येतात, परंतु त्यासाठी जुना सर्व्हर चालू असावा लागतो. आणि पूर्वीचे लेखन तेथेच राहते.