डेबकॉन्फ : स्वयंसेवी संगणक-परिषदेचे संयोजन

'डेबियन' ही मुक्त संगणकप्रणाली इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये आरंभिली. तिचे विकासक अनेक देशांत विखुरलेले असून बहुतेकांचा परस्परपरिचय केवळ लेखी असतो. त्यांना प्रत्यक्ष एकत्र आणणारी 'डेबकॉन्फ' ही परिषद प्रथम २००० मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे भरली. २०२३ मध्ये कोची येथे ती प्रथमच भारतात झाली.

परिषदेचे स्थळ दरवर्षी बदलते व स्थानिक गटांच्या प्रस्तावांतून ते निवडले जाते. परिषदेपूर्वीच्या 'डेबकॅम्प'मध्ये व्याख्यानांऐवजी शेजारी बसून अडलेले काम सोडविण्यावर भर असतो. मुख्य परिषदेतही ऐनवेळी ठरणाऱ्या चर्चांसाठी वेळ मोकळा ठेवलेला असतो. आपल्याकडील चर्चासत्रांत हाच वेळ बहुधा सत्कारांत खर्ची पडतो, हे नमूद करावयास हरकत नाही.

मूलभूत नोंदणी निःशुल्क असली तरी खरा प्रश्न प्रवासखर्चाचा आहे. तो न सुटल्यास परिषद केवळ संपन्न देशांतील नोकरदारांची उरेल. म्हणून पुरस्कर्त्यांच्या निधीतून प्रवास, निवास व भोजनासाठी साहाय्य दिले जाते. त्यासाठी अर्जदाराचे योगदान आणि गरज दोन्ही पाहिली जातात. अर्थात व्हिसा नाकारला गेल्यास या साहाय्याचा उपयोग होत नाही. अशांसाठी व्याख्यानांचे थेट प्रक्षेपण व मुद्रण सर्वांस खुले असते. तेही स्वयंसेवकच करतात.

महासाथीमुळे २०२० व २०२१ मध्ये परिषद पूर्णतः ऑनलाइन झाली. व्याख्याने पार पडली. शेजारी बसणे मात्र राहिले. २०२२ मध्ये कोसोव्होतील प्रिझरेन येथे ती पुन्हा प्रत्यक्ष भरली.