लॉन मोवर घेताय? आधी अंगण मोजा

दिल्लीतल्या मुनिरकामध्ये माझी मावशी राहते. डीडीए कॉलनीतलं तळमजल्यावरचं घर आणि पुढे छोटीशी हिरवळ. दोन वर्षांपूर्वी नेहमीचा माळी गावी गेला, तो परत आलाच नाही. त्यात जुलैचा पाऊस. बघता बघता गवत घोट्याच्या वर गेलं आणि काकांनी एका रात्रीत मोबाइलवरून पेट्रोलवर चालणारं दणकट लॉन मोवर मागवून टाकलं.

पहिला पावसाळा छान गेला. थंडीत मशीन जिन्याखाली झाकून ठेवलं. मार्चमध्ये बाहेर काढलं, तर दोरी ओढून ओढून काकांचा खांदा आखडला, पण मशीन काही सुरू होईना. मेकॅनिकने कार्बोरेटर साफ करून दिला. पुढच्या थंडीनंतर पुन्हा तेच! मशीन वाईट नव्हतं. ते त्या अंगणासाठी नव्हतं, इतकंच.

तुम्हीही घरच्या हिरवळीसाठी हाताने ढकलत चालवायचं लॉन मोवर घेण्याच्या विचारात असाल, तर दुकानात जाण्याआधी या गोष्टी नक्की तपासा.

आधी मोजपट्टी, मग मशीन

मावशीची हिरवळ २० फूट बाय १५ फूट आहे, म्हणजे ३०० चौरस फूट. १४ इंच रुंदीचं मोवर घेतलं आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवला, तरी एका फेरीत साधारण एक फूट गवत कापलं जातं. म्हणजे २० फुटांच्या १५ फेऱ्या, एकूण ३०० फूट. मीटरमध्ये सांगायचं तर जेमतेम ९० मीटर चालणं! एवढ्याशा कामासाठी इंजिनाची गरज आहे का, हे हिशेबच सांगतो.

तेव्हा आधी लांबी-रुंदी मोजा. फाटक आणि जिन्याखालची जागाही मोजा, कारण मशीन आत-बाहेर न्यायचं आणि ठेवायचंही आहे. जमीन सपाट आहे की खड्ड्यांची, झाडं-कुंड्या किती, जवळचा विजेचा प्लग कुठे, हेही लिहून ठेवा.

गवत ओळखा

दिल्लीकर ज्याला ‘दूब’ म्हणतात, ती आपलीच हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वा. ती पावसाळ्यात झपाट्याने वाढते, तेव्हा दर आठवड्याला कापावी लागते. उन्हाळ्यात पाणी मिळालं तर दहा-बारा दिवसांनी कापली तरी चालतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र ती पिवळसर पडते आणि वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे दिल्लीत तुमचं मशीन वर्षातले दोन-तीन महिने नुसतं पडून राहणार. पडून राहिल्यावरही जे कुरकुर न करता चालू होतं, तेच खरं भरवशाचं.

कोणतं मोवर कोणासाठी?

हाताने ढकलायचं रीळ मोवर : यात दंडगोलावर बसवलेली पाती खालच्या स्थिर पात्यावरून फिरतात आणि गवत कात्रीसारखं कापलं जातं. १८३० मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंग यांनी पहिलं लॉन मोवर बनवलं, ते याच पद्धतीचं. लोकरी कापडावरचे वर आलेले धागे कापणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. यात ना वीज, ना पेट्रोल. आवाज अगदी कमी, त्यामुळे रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे शेजारी वैतागत नाहीत. मात्र उंच वाढलेलं, ओलं किंवा जाड देठांचं गवत याला झेपत नाही. दर आठवड्याला कापणार असाल तरच घ्या. ३०० ते ५०० चौरस फुटांच्या सपाट हिरवळीला हे उत्तम.

वायरवर चालणारं इलेक्ट्रिक मोवर : यात खाली एकच आडवं पातं वेगाने फिरतं, त्यामुळे थोडं वाढलेलं गवतही कापलं जातं. घरगुती मशीन साधारण १००० ते १६०० वॉटची असतात. १६०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर वीज घेतं. त्याला मिक्सरचा नाही, तर १६ अँपिअरचा पॉवर प्लग हवा. बारीक, जोड दिलेली एक्स्टेन्शन वायर तापते. बाहेर वापरण्याजोगी, किमान दीड चौरस मिलिमीटरची जाड तीन तारांची वायर घ्या.

बॅटरीचं मोवर : वायरचा गुंता नाही आणि आवाजही बेताचा. पण किमतीतला मोठा वाटा बॅटरीचा असतो. काही वर्षांनी ती बदलावी लागेल, तेव्हा ती वेगळी मिळते का आणि कितीला, हे आधीच विचारा. दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी बॅटरी बाल्कनीतल्या उन्हात ठेवू नका. ती काढून घरात, सावलीत ठेवा.

पेट्रोल मोवर : मोठं अंगण, फार्महाउस किंवा सोसायटीची सामाईक बाग असेल तर हे कामाचं. पण वजन साधारण २५ ते ३५ किलो, आवाज मोठा, धूर वेगळा आणि ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग यांची देखभाल सततची. शिवाय आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तर अनेक लहान इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी असते. इथेनॉल ओलावा शोषतं. महिनोनमहिने टाकीत राहिलेलं पेट्रोल शिळं होऊन कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरतो. काकांच्या मशीनचं दुखणं हेच होतं. पेट्रोल मोवर घेणार असाल, तर इथेनॉलबद्दल दुकानदाराला नक्की विचारा आणि थंडीआधी टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा.

भरवशाचं मशीन कसं ओळखाल?

• दुकानात दोन पावलं ढकलून बघा. चाकं डुगडुगत असतील किंवा हँडल हलत असेल, तर ते घेऊ नका.

• हँडलची उंची तुमच्या कमरेला जुळली पाहिजे. वाकून ढकलावं लागलं, तर आठवड्याभरात पाठ तक्रार करेल.

• कापण्याची उंची बदलता येते का? तीन-चार टप्पे तरी हवेत.

• रीळ मोवर असेल तर कागदाची पट्टी पात्यांमध्ये धरायला सांगा आणि दुकानदाराला रीळ अलगद फिरवायला लावा. कागद पूर्ण रुंदीत स्वच्छ कापला गेला, तर पाती नीट बसलेली आहेत. बोटं मात्र लांब!

• सर्व्हिस सेंटर किती लांब आहे? पातं, पट्टा, चाक वेगळं मिळतं का? या प्रश्नांवर दुकानदार गडबडला, तर सवलत कितीही मोठी असो, पुढे चला.

• धार कोण लावून देईल? आडवं पातं काढून साध्या ग्राइंडरवरही धार लावता येते, पण दोन्ही बाजू सारख्या घासायला हव्यात, नाहीतर मशीन थरथरतं. रीळ मोवरचं काम मात्र जाणकाराकडेच द्या. सायकलवर सुरी-कात्री धार करणाऱ्याला ते जमेलच असं नाही.

सुरक्षेत हयगय नको

मोटर किंवा इंजिनाच्या मोवरचं पातं मिनिटाला साधारण ३००० वेळा फिरतं. त्याखाली आलेला खडा गोळीसारखा उडतो. म्हणून आधी हिरवळीतले दगड, खिळे, मुलांची खेळणी वेचून घ्या. मुलं आणि पाळीव प्राणी घरात ठेवा. चपला घालून मोवर कधीच चालवू नका. पायात पुढून बंद, जाड तळव्याचे बूट हवेत.

हँडल सोडताच पातं थांबतं, अशी सोय असलेलंच मशीन घ्या. ती सोय बांधून ठेवून निकामी करू नका. अडकलेलं गवत काढण्याआधी प्लग काढा, बॅटरी काढा किंवा स्पार्क प्लगची टोपी काढा. ओल्या गवतावर वायरचं मोवर चालवू नका आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कापायला प्लगच्या बाजूने सुरुवात करून दूर जात राहा, म्हणजे वायर नेहमी मागे राहते.

कापताना आणि कापल्यावर

एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. तीन सेंटिमीटर ठेवायचं असेल, तर साडेचार झाल्यावर कापा. मे-जूनमध्ये थोडं उंच ठेवा, म्हणजे मुळांवर सावली राहते आणि माती लवकर सुकत नाही.

कापलेलं बारीक गवत तिथेच पसरू द्या, ते कुजून खत होतं. जास्त असेल तर कंपोस्टमध्ये टाका. जाळू मात्र नका. दिल्लीत उघड्यावर पालापाचोळा आणि कचरा जाळणाऱ्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये ५००० रुपये दंड ठरवला होता आणि हिवाळ्यातल्या तिथल्या हवेला आणखी धूर परवडणारा नाही.

एकट्याने घ्यायलाच हवं का?

तळमजल्यावरची चार-पाच घरं मिळून एक चांगलं मशीन घेऊ शकतात. फक्त धार आणि दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, हे आधीच ठरवा. तुमच्याकडे माळी येत असेल तर त्यालाही विचारा. रोज हे काम करणाऱ्याला कोणतं मशीन कुठे अडतं, हे चांगलं माहीत असतं.

काकांनी यंदा पेट्रोलचं मशीन त्यांच्या सोसायटीच्या सामाईक बागेसाठी देऊन टाकलं आणि स्वतःसाठी १४ इंचाचं रीळ मोवर आणलं. आता रविवारी सकाळी चहाच्या आधी त्यांचं ९० मीटर चालणं होतं आणि खांदाही दुखत नाही. मावशीची एकच अट आहे. भाद्रपदात तुळशीजवळचा कोपरा कापायचा नाही, गणपतीसाठी दूर्वांच्या एकवीस जुड्या तिथूनच निघतात!