कान्हेरीची थंडी

मुंबईकराची थंडी हा घाटावरच्या माणसाच्या थट्टेचा विषय असला, तरी २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेच्या दफ्तरी ७.४ अंश सेल्सियस अशी नोंद झाली होती, हे विसरून चालणार नाही. पौषातल्या एखाद्या रविवारी अंधेरी, घाटकोपर, मुलुंड अशा नाना दिशांनी आलेली मंडळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाजाशी जमून कान्हेरीची वाट धरतात, तेव्हा सखल वळणावर अंगावर जो शहारा येतो, तो चढावर मात्र ओसरतो. कारण निरभ्र रात्री जमिनीची उष्णता आकाशात निघून गेल्यावर गार, जड झालेली हवा उतारावरून ओघळत तळाशी साचते. अनुभवी पदभ्रमी म्हणूनच स्वेटर चालताना नव्हे, विसाव्याला चढवतो, आणि सर्वांत संथ गड्याला पुढे ठेवतो. (हौशी तरुणांना हा दंडक जाचक वाटतो खरा!)

कान्हेरीला पोहोचल्यावर थंडीचा विसर पडतो. काळ्या बेसाल्टात खोदलेली शंभरांहून अधिक लेणी, आणि त्यांच्या दाराशी पावसाचे पाणी साठवणारी ती टाकी, ज्यांना तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे, हा जलबंदोबस्त मला तिथल्या शिल्पाहूनही विस्मयकारक वाटतो. याच डोंगररांगेत पुढे इंग्रजी अमदानीत, १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी हे तलाव शहराच्या तहानेसाठी सिद्ध झाले. कातळाच्या बाकावर डबे उघडतात, तिळाची वडी हातोहात फिरते. आणि हा बिबट्यांचा मुलूख असल्याने सूर्य कलण्यापूर्वीच मंडळी उतरू लागतात.