मोडलेली बरगडी आणि डोंगरातली सायकल

डिसेंबर २०१९ मध्ये स्वित्झर्लंडची माउंटन बायकपटू योलांडा नेफ अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात सराव करताना पडली. प्लीहा फाटली, बरगडी मोडली, एक फुप्फुस काहीसं आकसलं. २७ जुलै २०२१ रोजी तिनेच टोकियो ऑलिंपिकमध्ये, इझूच्या दगडाधोंड्यांनी भरलेल्या मार्गावर, सुवर्णपदक पटकावलं. मधे, स्पर्धेला जेमतेम सहा आठवडे उरले असताना, हाताचं हाडही मोडून झालं होतं. अशा बातम्या वाचल्या की आपल्याकडच्या हौशी सायकलस्वारांनाही स्फुरण चढतं. चढावं, त्यात वाईट काही नाही. फक्त हाडाला जिद्द कळत नाही, हे लक्षात असावं. ते आपल्या वेळेनेच जुळतं, आणि बरगडीच्या बाबतीत त्या वेळेचा अंदाज दुखण्यावरून हमखास चुकतो.

नेफच्या तीन जखमा एकत्र येण्याला शरीररचनेचं कारण आहे. बरगड्यांच्या बारा जोड्या. वरच्या सात कूर्चेने छातीच्या मधल्या हाडाला थेट जोडलेल्या, आठवी ते दहावी आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकलेली, शेवटच्या दोन पुढच्या बाजूने मोकळ्याच. डावीकडे नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड प्लीहा, उजवीकडे खालच्या बरगड्यांखाली यकृत आणि सगळ्यांच्या आत फुप्फुसं. सर्वांत जास्त मोडतात त्या मधल्या, साधारण चौथी ते नववी. कशी मोडेल, ते मार कसा बसला यावर ठरतं. छाती पुढून-मागून दाबली गेली तर बरगडी वाकत जाऊन बाजूला, बाहेरच्या अंगाने तडकते. दगडाचं टोक किंवा हँडलचं टोक थेट लागलं तर मोडकी टोकं आत वळतात आणि फुप्फुसाला भोक पडण्याचा धोका असतो. सह्याद्रीच्या उतारावर सुट्या मुरमावरून पुढचं चाक सरकलं की माणूस सहसा कुशीवर आपटतो. तेव्हा खाली काय आहे, माती की कातळ, यावर पुढचं बरंच अवलंबून.

हात मोडला तर प्लास्टर घालता येतं. बरगडीला ती सोय नाही. आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो, म्हणजे दिवसाला किमान सतरा हजार वेळा, आणि प्रत्येक श्वासाला खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाहेरून वर उचलल्या जातात. वैद्यकाच्या पुस्तकांतही हीच उपमा आहे. साहजिकच घरातल्या ज्येष्ठांचा पहिला सल्ला येतो, ‘पट्टा आवळून बांध.’ एके काळी डॉक्टरही छातीवर रुंद चिकटपट्ट्या मारत. आता मारत नाहीत. आवळलेल्या छातीने श्वास उथळ होतो, फुप्फुसाच्या तळाचे वायुकोश मिटतात, कफ साचतो आणि न्यूमोनियाला आयतं घर मिळतं. म्हणून रुग्णालयात हातात तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र देतात आणि दर तासाला ओढायला लावतात. खोकला आला की छातीशी उशी घट्ट दाबून धरायची आणि खोकायचं, पण खोकला दाबायचा नाही. दुखणं कमी ठेवणारी औषधंही इथे मुख्यतः यासाठीच असतात, की माणसाने मोकळा श्वास घ्यावा.

मग सतत हलणारं हाड जुळतं कसं? याचं सुंदर उत्तर स्वित्झर्लंडमधलेच शल्यचिकित्सक-संशोधक स्टेफान पेरेन यांनी दिलं. दोन टोकांमधली फट किती आणि ती टोकं एकमेकांपासून किती हलतात, याचं गुणोत्तर त्यांनी महत्त्वाचं मानलं. समजा, फट एक मिलिमीटरची आहे. सुरुवातीला तिथे जी कोवळी, रक्तवाहिन्यांनी भरलेली ऊती तयार होते, ती फटीच्या रुंदीइतकी, म्हणजे शंभर टक्के, ताणली तरी तुटत नाही. त्यानंतर येणारी कूर्चा दहा टक्के ताण सोसते. पक्कं हाड मात्र जेमतेम दोन टक्के, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. शरीर म्हणूनच पायरीपायरीने जातं. आधी मऊ, मग जरा ताठ, मग कडक. प्रत्येक पायरी हालचाल कमी करते आणि पुढच्या पायरीला जागा करून देते. श्वासाची बारीक हालचाल या कामाला पोषकच ठरते. धोका आहे तो अवेळी बसणाऱ्या मोठ्या हिसक्याचा.

आता हे वेळापत्रक पाहा. पहिले काही दिवस रक्ताची गुठळी आणि सूज. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मऊ सांधा. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत तो बराचसा कडक होतो, आणि बहुतेक निरोगी प्रौढांची बरगडी तेव्हा जुळली असं म्हणतात. पण त्या सांध्याला मूळ हाडाचा आकार आणि बळ यायला आणखी कित्येक महिने जातात. दुखणं मात्र इतके दिवस टिकत नाही. टोकं एकमेकांवर घासायची थांबली, सूज ओसरली, की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच माणसाला ‘मी ठणठणीत’ वाटू लागतं. सायकल भिंतीला टेकलेली असते, हवा छान असते आणि मित्रांच्या ग्रुपवर रविवारचा बेत शिजत असतो. ऐन या दिवसांत तिथे हाडाऐवजी कूर्चेचा गोळा असतो. माझ्या मते बरगडीच्या बाबतीत सर्वांत फसवा काळ हाच.

उलटही घडतं. कूर्चेच्या सांध्याला मार लागला असेल तर एक्स-रेवर काहीच दिसत नाही. साध्या एक्स-रेवर मोडलेल्या बरगड्याही कितीतरी वेळा सुटतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने ती भरून यायला वेळ लागतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून दुसऱ्या आठवड्यात डोंगरावर गेलेला माणूस मग दोन महिने कण्हत बसतो. सोनोग्राफीत अशा जखमा पुष्कळदा सापडतात, पण बहुतेक वेळा त्याने उपचार बदलत नाहीत. हाड मोडो की कूर्चा दुखावो, काळजी तीच.

आता सायकलीवर बसू. पायांनी चालवायच्या वाहनाचा आणि बरगड्यांचा संबंध काय, असं वाटेल. सपाट डांबरी रस्त्यावर तो खरोखर थोडा आहे. डोंगरातल्या वाटेवर मात्र वरच्या धडालाही बरंच काम पडतं. खांद्याच्या पात्याखालून येणारा एक करवतीसारखा दातेरी स्नायू वरच्या आठ-नऊ बरगड्यांना धरून असतो. छातीचा मोठा स्नायू, पाठीचा रुंद स्नायू, पोटाचे तिरके स्नायू, हे सगळे बरगड्यांवरच अडकलेले. चढावर उभं राहून हँडल खेचलं, खड्ड्यावरून पुढचं चाक उचललं, वळणावर धड पिळलं, की प्रत्येक वेळी हे स्नायू जखमेच्या दोन्ही बाजूंना ओढतात. बाहेरून काहीही न लागता बरगडीवर किती भार येऊ शकतो, याचा दाखला वल्हवणाऱ्या खेळाडूंकडे आहे. पडझड न होता, नुसत्या स्नायूंच्या ओढीने त्यांच्या बरगड्यांना बारीक भेगा जातात.

उतारावर आणखी एक गोष्ट होते. उतरताना कोपर वाकलेले आणि सैल ठेवायचे असतात. धक्का जितक्या लांब अंतरात जिरेल तितकं बळ कमी लागतं, हा शाळेत शिकलेला नियम. बरगडी दुखत असलेला माणूस नेमका अंग आखडतो. कोपर ताठ होतात आणि पुढच्या चाकाने खाल्लेला प्रत्येक दगड सरळ छातीत येतो. शिवाय तो मागे वळून बघत नाही, वजन सीटच्या मागे नेत नाही, खोल श्वास टाळतो आणि लवकर दमतो. थोडक्यात, तो वाईट चालवतो, आणि वाईट चालवणारा पडतो. निघण्याआधी गोळी घेऊन दुखणं झाकणं हा याहून वाईट पर्याय, कारण मग थांबायची सूचनाच मिळत नाही.

बाजारात छातीची चिलखतं मिळतात. त्यांतली नवी चांगली आहेत. ब्रिटनमध्ये शोधलेल्या डीथ्रीओ या नारिंगी पदार्थासारखे पदार्थ बोटाने दाबले तर मऊ लागतात, आणि जोरात आघात झाला की त्या क्षणी ताठ होतात. टोकदार मार मोठ्या क्षेत्रावर पसरवणं आणि त्याचा जोर खाणं, ही दोन कामं ते नेटकी करतात. पण अपेक्षा बेताची ठेवावी. मोटारसायकलस्वारांसाठीच्या युरोपीय मानकात पाठीच्या चिलखतावर पाच किलोचं वजन एका मीटरवरून टाकतात. पलीकडे पोचणारं बळ पहिल्या श्रेणीत सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत आणि दुसऱ्या श्रेणीत ९ किलोन्यूटनपर्यंत चालतं. नऊ किलोन्यूटन म्हणजे क्षणभरासाठी सुमारे नऊशे किलोचा भार. छातीसाठी त्याच मानकाचा वेगळा, तिसरा भाग आहे; विकत घेताना ‘ईएन १६२१-३’ हे शब्द शोधा. नुसत्या फोमच्या बनियनवर हजारो रुपये घालवू नका. आणि चिलखत पडण्यापासून थोडंफार वाचवेल, पिळण्यापासून आणि ओढीपासून अजिबात नाही. ते छाती फुलायला जागा देईल इतपतच घट्ट असावं, नाहीतर तो जुन्या पट्ट्याचाच महागडा अवतार. पाण्याच्या पिशवीचा छातीवरचा पट्टा दुखऱ्या जागी येतो का, तेही पाहा. येत असेल तर काही महिने बाटली फ्रेमला लावा.

डेन्मार्कचा योनास विंगेगोर ४ एप्रिल २०२४ रोजी स्पेनच्या बास्क प्रांतातल्या शर्यतीत पडला. कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. २९ जूनला तो टूर द फ्रान्सच्या सुरुवातीला हजर होता आणि शेवटी दुसरा आला. मधे साधारण बारा आठवडे गेले. ज्याच्या दिमतीला डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टचा ताफा होता आणि ज्याला मुख्यतः पक्क्या रस्त्यावर चालवायचं होतं, त्यालाही इतके आठवडे लागले. आपण चौथ्या आठवड्यात टेकडीवर जायची घाई कशाला करावी?

परतीचा क्रम साधा आहे. डॉक्टरांनी फुप्फुस ठीक असल्याचं सांगितलं की घरातल्या ट्रेनरवर, ताठ बसून, हात हलके ठेवून पाय चालवायला हरकत नसते. त्याने दम टिकतो. सहा आठवडे झाल्यावर, खोल श्वास, खोकला, शिंक आणि कुशीवरची झोप हे सगळं विनातक्रार जमत असेल, तर सपाट रस्ता. त्यानंतर भिंतीला टेकून, मग जमिनीवर दंड काढून पाहावेत आणि दोन्ही बाजूंना धड पिळून पाहावं. तेही जमलं तर रुंद, ओळखीची कच्ची वाट. दगडांच्या पायऱ्या, उड्या आणि शर्यती तिसऱ्या महिन्यानंतर. टायरमधली हवा जरा कमी, पुढचं सस्पेन्शन जरा मऊ आणि हँडल थोडं उंच ठेवलं तर धक्के बरेच कमी होतात. वय जास्त असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा सिगारेट सुटत नसेल, तर प्रत्येक टप्पा लांबवा. धूम्रपानाने हाड जुळणं मंदावतं.

काही लक्षणांत मात्र थांबायचंच नाही, रुग्णालय गाठायचं. धाप वाढत जाणं, ताप, थुंकीत रक्त, चक्कर. आणि एक चकवणारं लक्षण म्हणजे डाव्या बरगड्यांवर पडल्यानंतर डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं. फाटलेल्या प्लीहेतून रक्त श्वासपटलाखाली साचतं. त्या पटलाची नस मानेतल्या ज्या मणक्यांतून निघते, तिथूनच खांद्याच्या त्वचेच्याही संवेदना जातात, आणि मेंदूची गफलत होते. खांद्याला मार नसताना खांदा दुखतोय म्हणून बाम चोळत घरी बसू नका.

पोटावर आणि बरगड्यांखाली बसणारे सर्वांत घातक मार पुष्कळदा हँडलच्या उघड्या टोकाचे असतात; रबरी मूठ फाटून आतली धातूची नळी बाहेर आलेली असते आणि पडताना ती अंगात रुतते. दुकानात त्या टोकाची बुचं मिळतात, किंमत किरकोळ. पुन्हा डोंगराकडे निघण्याआधी ती दोन्ही जागेवर आहेत ना, एवढं पाहून घ्या.