पोलादपूरच्या कातळात अडकलेला प्रश्न

पाच महाविलोपांची यादी दिवाळी अंकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. ऑर्डोव्हिशियन आणि डेव्होनियनमधल्या विलोपांवर भांडायला पुष्कळ जागा आहे, पण माझा जीव तिथे रमत नाही. पर्मियनअखेरचा विलोप सर्वांत भीषण. चीनमधल्या मेइशानच्या राखथरांवरून त्याचं वय सुमारे 25 कोटी 19 लाख वर्षं ठरलं आणि ते सैबेरियातल्या लाव्ह्याशी जुळलं. ट्रायासिकअखेरच्या विलोपाचं नातं अटलांटिक उघडतानाच्या लाव्ह्याशी लागलं. हे मनात ठेवून 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या, डायनोसॉर संपवणाऱ्या विलोपाकडे यायचं, कारण त्याच सुमाराला दख्खनच्या लाव्ह्यातून आपला सह्याद्री थरावर थर रचला जात होता.

1980 साली अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या गुब्बिओच्या चिकणमातीतलं इरिडियम लघुग्रहाच्या आघाताचा पुरावा म्हणून दाखवलं. 1991 मध्ये मेक्सिकोतलं चिक्शुलुबचं सुमारे 180 किलोमीटर रुंदीचं विवर जगापुढे आलं. लघुग्रह आदळला आणि तो संहारक होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझं भांडण आहे ते विवर सापडल्याच्या दिवसापासून खटला निकालात निघाला असं मानून दख्खनला तळटीपेत ढकलणाऱ्यांशी. आणि तितकंच आपल्याकडच्या काही मंडळींशी, जी अभिमानापोटी सगळं श्रेय लाव्ह्याच्या पदरात टाकतात. कोणता थर आघाताआधीचा आणि कोणता नंतरचा, या प्रश्नाला दोन्ही बाजू बगल देतात. सगळा निकाल मात्र त्यावरच अवलंबून आहे.

या प्रश्नाची सुरुवात आपल्या घरातून झाली, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे. 1950 च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दख्खनच्या दगडातलं जुनं चुंबकत्व मोजलं जात होतं. पुढे पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने वयं काढली, तर ती कोट्यवधी वर्षांत विखुरली, कारण झिजलेल्या बेसाल्टमधून आर्गॉन निसटतो. 1986 मध्ये व्हिन्सेंट कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी चुंबकत्वाच्याच आधारे दाखवलं, की बहुतेक लाव्हा उलट्या चुंबकीय दिशेच्या एकाच छोट्या कालखंडात बाहेर पडला. क्रिटेशसची अखेरही त्याच कालखंडातली. त्याच दशकात कीथ कॉक्स, के. व्ही. सुब्बाराव आणि इतरांनी रासायनिक घटकांवरून एकसारखे दिसणारे थर वेगळे केले. बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही आपल्या मुलखातली नावं जगभरच्या नियतकालिकांत गेली ती तेव्हा.

माझ्या प्रेमाचा विषय मात्र या लाव्हाप्रवाहांच्या मधले तांबडे थर. आंबेनळी घाटातून वर जाताना काळ्या कातळात मधूनच विटकरी पट्टा दिसतो. कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. खालच्या बाजूला तो भुसभुशीत, हाताला लाल रंग लागणारा. वरच्या बाजूला, जिथे पुढचा लाव्हा त्याच्यावर पसरला, तिथे तो भाजून कडक झालेला. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी तो फक्त रेघ म्हणून नकाशावर ओढला. दोन उद्रेकांमधल्या उसंतीत तिथे माती तयार होत होती आणि दूरवरची बारीक राख तिच्यावर बसत होती. त्या राखेतले झिर्कॉनचे कण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे. झिर्कॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. म्हणून आज त्यात सापडणारं शिसं युरेनियमच्या क्षयातून आलेलं, आणि त्यावरून वय निघतं. बेसाल्टमध्ये जे घड्याळ मिळत नव्हतं, ते या दुर्लक्षित मातीत होतं.

2019 मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. ब्लेअर शोनी यांच्या गटाचा झिर्कॉनवरचा, कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाचा सुधारलेल्या आर्गॉन पद्धतीवरचा. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत उरकला, यावर दोघांचं एकमत. पण शोनींच्या मते पोलादपूरचा जोरदार टप्पा आघाताच्या काही दशसहस्र वर्षं आधी सुरू झाला, तर स्प्रेन यांच्या मते आघात बुशे आणि पोलादपूरच्या सांध्याजवळ बसतो आणि लाव्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग नंतरचा. म्हणजे जगातला हा मोठा वाद पोलादपूरच्या थरांच्या तळाशी येऊन थांबला आहे. समुद्रतळाच्या नोंदींवरून 2020 मध्ये असंही मांडलं गेलं, की ज्वालामुखींमुळे झालेली तापमानवाढ आघाताआधीच ओसरली होती. माझं म्हणणं असं, की वायू लाव्ह्याच्या आधीही सुटू शकतात. त्यामुळे समुद्रातल्या नोंदी आणि घाटातले थर एकाच वेळापत्रकात बसवल्याशिवाय दख्खनला निर्दोष ठरवता येत नाही आणि दोषीही.

हे काम आज कोण करणार? विद्यार्थी दुसऱ्यांचे आकडे उतरवून प्रबंध पुरे करतात. हातोडा, होकायंत्र आणि वही घेऊन कडा चढणारे कमी झाले. रस्तारुंदीकरणात नवे छेद उघडे पडतात आणि लगेच त्यांच्यावर सिमेंटचा फवारा मारून जाळी बसवली जाते. दरडी कोसळू नयेत म्हणून ते हवंच, त्याला माझा विरोध नाही. पण त्याआधी चार दिवस भूशास्त्रज्ञाला आत सोडायला काय हरकत आहे? प्रत्येक तांबड्या थराची उंची मोजायची, जाडी लिहायची, खालच्या आणि वरच्या प्रवाहाचे तुकडे घ्यायचे, गोणीभर माती भरून ठेवायची. झिर्कॉन आज काढता आला नाही तरी गोणी टिकते. सिमेंटखाली गेलेला थर मात्र कोणत्याही प्रयोगशाळेच्या कामाचा राहत नाही.