हिरवा त्रिकोण आणि रोगप्रतिकारशक्ती

निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांत उसाचे मळे आणि द्राक्ष-डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. बागा आल्या, तशी फवारणीही आली. औषधाच्या डब्यावरील लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी आणि हिरवा म्हणजे सर्वांत कमी विषारी, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. परंतु हा त्रिकोण केवळ तत्काळ होणाऱ्या विषबाधेचे मोजमाप सांगतो. अल्प प्रमाणात दीर्घकाळ शरीरात जाणाऱ्या रसायनाचा परिणाम त्यावरून कळत नाही.

अंतःस्रावी ग्रंथी रक्तात संप्रेरके सोडतात. ही संप्रेरके म्हणजे शरीरातील निरोपेच होत. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही त्यांचे निरोप स्वीकारतात. काही रसायने संप्रेरकांची नक्कल करतात, काही त्यांची वाट अडवतात, तर काही त्यांची निर्मिती घटवतात. निरोप चुकला की प्रतिकारशक्ती मंदावू शकते किंवा अकारण चेतवली जाऊ शकते.

द्राक्ष व डाळिंबावर फवारले जाणारे मॅन्कोझेब हिरव्या त्रिकोणाचे बुरशीनाशक आहे. त्याच्या विघटनातून तयार होणारे इथिलीन थायोयुरिया अवटू, म्हणजेच थायरॉइड ग्रंथीच्या कार्यात अडथळा आणते. संप्रेरकांवरील परिणाम हे एक कारण धरून युरोपीय संघाने २०२० साली मॅन्कोझेबची मान्यता काढून घेतली.

प्रतिकारशक्तीवरील परिणामाचा ठळक पुरावा मात्र दुसऱ्या रसायनांबाबत मिळाला आहे. न चिकटणाऱ्या भांड्यांसाठी वापरल्या गेलेल्या फ्लोरीनयुक्त रसायनांचा फेरो बेटांवरील बालकांमध्ये अभ्यास झाला. पाचव्या वर्षी रक्तात ही रसायने दुप्पट असलेल्या बालकांत सातव्या वर्षी घटसर्प व धनुर्वाताविरुद्धची प्रतिपिंडे सुमारे निम्मीच आढळली, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. लस टोचूनही संरक्षण उणे राहावे, ही गोष्ट गंभीर होय.

यास्तव हिरव्या त्रिकोणाच्या औषधाबाबतही दक्षता हवी. फवारताना हातमोजे व मुखपट्टी वापरावी. मुले व गरोदर स्त्रियांना बागेपासून दूर ठेवावे. काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ पाळावा. पंप विहिरीवर वा कालव्यावर धुऊ नये. रिकामे डबे तीनदा धुऊन, ते पाणी फवाऱ्यातच ओतून, छिद्रे पाडून निकामी करावेत. ग्रामसभेत व शाळेत ही माहिती दिल्यास गावाचे आरोग्य जपण्याच्या कार्यास निश्चितच हातभार लागेल.